धावपट्टीवरच्या घारी

"मिग म्हणजे मिग! आवाजाच्या दुप्पट वेग!" राज छाती फुगवून म्हणाला.

"आणि एकाहत्तरच्या युद्धातलं सेखोंचं नॅट? एवढंसं विमान, पण श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांना एकटं भिडलं!" प्रतिभा कुठली ऐकायला!

मे महिन्याची सुट्टी, ओझरच्या धावपट्टीलगतचा टोमॅटोचा मळा आणि मनमाडहून आलेला मावसभाऊ राज. भांडायला आणखी काय हवं! प्रतिभाचा धाकटा भाऊ ज्ञानेश मात्र आभाळाकडे बघत होता.

"ताई, आज पण घारी! कालच्यापेक्षा जास्त!"

प्रतिभाने वर पाहिलं. विमानं उडताना जिथून वर चढतात, नेमक्या तिथेच घारी घिरट्या घालत होत्या! थोड्याच वेळात रवीमामा दुरुस्त झालेलं मिग-२१ तपासायला उडणार होता. त्या विमानाच्या नाकातच हवा ओढायचं तोंड असतं, असं मामानेच सांगितलं होतं. त्यात घार शिरली तर? इंजिन तर एकच!

"चला, पळा!"

घारी जिथे खाली झेपावत होत्या, त्या ओढ्याशी पोचताच तिघांनी नाकं दाबली. मेलेल्या कोंबड्यांचा ढीग पडला होता, आणि पोल्ट्रीवाले सहादूनाना पिकअपमधून आणखी एक पोतं ओढत होते.

"नाना, इथे नका टाकू! घारी विमानात शिरतील!"

"येवढं लोखंडाचं विमान, त्याला घार काय करती? लय शहाणपणा नको! आजून चार पोती हायेत."

राजने डोळा मारला. "नाना, तुमच्या शेडचं दार सताड उघडं आहे. कुत्री शिरताहेत आत!"

"आरं देवा!" नाना पोत्यासकट गाडीत बसले आणि धुरळा उडवत गेले.

"खरंच उघडं होतं?" ज्ञानेशने विचारलं.

"मी कुठे शेड पाहिलंय!"

प्रतिभाला हसू आलं नाही. लांबून इंजिनाची घरघर ऐकू येऊ लागली होती.

"ज्ञानेश, सायकल काढ! विमानतळाच्या फाटकावरच्या जवानाला सांग, घारी आहेत, उड्डाण थांबवा! राज, कांद्याच्या चाळीवरची ताडपत्री आण!"

दोघांनी ढिगावर ताडपत्री ओढली, कडांवर दगड ठेवले. वास असह्य होता. घरघर वाढत गेली, तिची गर्जना झाली. ज्ञानेश पोचला असेल ना? त्या जवानाने ऐकलं असेल ना? "मामा, थांब रे!" ती ओरडली, पण तो आवाज तिलाच ऐकू आला नाही.

आणि एकाएकी सगळं शांत झालं. इंजिन बंद झालं होतं! प्रतिभा तिथेच बसली आणि हमसून हमसून रडली.

खायला काही दिसेना, तशा घारी दुपारपर्यंत पांगल्या. मग मिग गरजत वर गेलं आणि सुखरूप उतरलंही.

संध्याकाळी मामा मळ्यात आला तेव्हा, उड्डाण थांबल्याचं ऐकून परतलेले सहादूनाना कोंबड्या पुरायला घाम गाळत खड्डा खणत होते. "चुकलं माझं," ते खाली मान घालून म्हणाले. "पोरं माझ्याहून शहाणी निघाली."

"शाब्बास रे पठ्ठ्यांनो!" मामाने ज्ञानेश आणि राजची पाठ थोपटली.

"मामा, सेखोंसारखं एकट्याने उडताना तुला घाबरायला होत नाही?" प्रतिभाने हळूच विचारलं.

मामाने तिला जवळ घेतलं. "होतं की. पण सेखोंना समोरचा शत्रू दिसत तरी होता. माझा मला दिसला नसता, पोरी. तुम्हाला दिसला."