धोंड्याखालची माती

पटो न पटो, हे घडलेलं आहे. आणि रात्री नाही… गेल्या वर्षी श्रावणात, भरदुपारी, कोयनानगरच्या वरच्या ऐन-हिरड्याच्या जंगलात.

माझी मावसबहीण शिवांजली माती किती श्वास सोडते ते मोजते. हसू नका, खरंच असं काम असतं. मातीतली मुळं, किडेमुंग्या वायू सोडतात. ऊन, ओल बदलली की तो कमी-जास्त होतो. जमिनीत कडं रोवायचं, वर झाकण लावायचं आणि यंत्रावरचा आकडा बघायचा.

झाकणाखाली वायू साठत जातो, म्हणून कधी भरभर, कधी सावकाश, पण आकडा फक्त चढतो.

माती श्वास सोडते… घेत नाही.

तिला पाचवा महिना होता. ऑफिसात कळलं तर जंगलात जाणं बंद होईल, म्हणून बाईसाहेब ढगळ रेनकोटात फिरत होत्या.

सोबतचे, तिथल्याच गावचे नाथाजी बॅटरी आणायला जीपकडे गेले होते. शेवटच्या जागी एक चपटा धोंडा आडवा आला. शिवांजलीने तो सरकवला आणि तिथेच कडं रोवलं.

आकडा चढला.

मग… उतरला.

पुन्हा चढला. पुन्हा उतरला. भराभर… झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या छातीसारखा.

झाकण सैल असेल म्हणून तिने दाबून बसवलं. तेच.

दिवसाही किरकिरणारे रातकिडे गप्प झाले. आणि तिच्या लक्षात आलं… सकाळपासून पोटात चाललेली चुळबुळही थांबली होती.



नाथाजी आले ते थबकलेच. "ताई, ह्यो धोंडा कुणी हलवला?"

"मी. का?"

"आमच्यात तान्हं लेकरू गेलं तर जाळत न्हाईत. हितंच पुरत्यात. वर धोंडा ठेवत्यात. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून, असं म्हणत्यात…"



तिने कडं उपसलं. दोघांनी धोंडा जागेवर ठेवला. अर्ध्या वाटेवर पोटात लाथ बसली, तेव्हा ती चिखलातच बसून रडली.

मुलगी सुखरूप झाली. कोरेगावला बारसं केलं. बारशाला आपण बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवतो. कार्यक्रम उरकल्यावर मी तो काढायला गेले. बाळ शिवांजलीच्या मांडीवर दूध पीत होतं.

मी वरवंटा उचलला.

रिकाम्या पाळण्यातून आवाज आला… भराभर. आत… बाहेर…

शिवांजलीने मानही वर केली नाही. "ठेव तो परत," एवढंच म्हणाली.

वरवंटा अजून पाळण्यातच आहे. लेक आईच्या कुशीत झोपते.

परवा तिचा फोन आला. लेक आता धरून धरून उभी राहायला लागलीय. सारखी पाळण्यापाशीच जाते…

आणि दोन्ही हातांनी वरवंटा ढकलते.