जानरावचे डोळे

कला माणसाला अमर करते. चिखलीत ही अमरता साधारण तेरवीपर्यंत टिकते. मग फ्लेक्स खाली उतरतो आणि कुणाच्या तरी गोठ्यातल्या कुटाराच्या ढिगावर झाकण म्हणून जातो. मी चित्रकलेची पदविका घेतलेला माणूस आहे आणि गेली अकरा वर्षं भावपूर्ण श्रद्धांजलीचे फ्लेक्स करतो.

या धंद्यात अडचण एकच. खेड्यातली म्हातारी माणसं जिवंतपणी फोटो काढत नाहीत. नातेवाईक मग मेल्यानंतरचा फोटो मोबाईलवर घेऊन येतात. नाकात कापूस, डोळे मिटलेले. वर म्हणतात, "जरा हसतमुख करा." कापूस काढणं सोपं असतं. डोळे मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावावे लागतात.

मी शेषरावचे लावायचो. शेषराव शिंपी, रस्त्यापलीकडे, बरोबर माझ्या दारासमोर त्याचं मशीन. नवा कॅमेरा घेतला तेव्हा चाचणी म्हणून त्याचा फोटो काढला होता. टपोरे, ओलसर, कुठल्याही चेहऱ्यात बसतील असे डोळे. पन्नाशी उलटली तरी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवायचा. तालुक्यातली शंभरेक मेलेली माणसं त्याच्या डोळ्यांनी चौकात उभी राहून गेली. त्याला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"भाऊ, तुमच्या शाईत काही आहे काय?" तो एकदा म्हणाला. "तुमचा बोर्ड लागला का मले दोन दिवस धूसर दिसते."

शाईतल्या रसायनानं डोळे चुरचुरतात, असं मी सांगितलं. ते खरंही आहे.

नंतर केसरबाई आली. नवऱ्याचा फ्लेक्स आवडल्याचं सांगायला आली होती, पण दारातच घुटमळली.

"फोटो चांगला जमला, भाऊ. पण आमचे बुवा माह्या तोंडाकडे पाहतच नाहीत. लुगड्याचा काठ उसवला आहे ना, तिकडंच पाहून राह्यले."

उभं राहण्याच्या कोनाचा फरक असतो, म्हणालो. ती गेल्यावर जुन्या फायली उघडल्या. मृतांपैकी एकही समोर बघत नव्हता. सगळ्यांची नजर जरा खाली होती, बघणाऱ्याच्या गळ्यापाशी. माझ्या शर्टाचं वरचं बटण सैल झालं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मार्चमध्ये गोकुळ आला. दिवसा मामाच्या दुकानात खत विकतो आणि रविवारी मेटल बँडमध्ये गातो. गातो म्हणजे, थंडीत ट्रॅक्टर चालू होत नसल्याचा आवाज घशातून काढतो.

"मोठ्या बँडचं एक भूत असते, सर. दर अल्बमच्या कव्हरवर तेच. आपलंबी पाहिजे. पाह्यलं का पोट्टं रडलं पाहिजे."

"नाव ठरलं काय?"

"जानराव."

"काऊन बे?"

"आजोबाचं नाव आहे. ते जेवतानाबी भेव दाखवत."

अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला चित्र मागत होतं. गोकुळ म्हणाला, कव्हरवर तुमचं नाव येईन, 'चित्र' असं लिहून. मी आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. कॉम्प्युटरवर पऱ्हाटीच्या वाळक्या काटक्यांची शिंगं केली. डोक्याला मळका रुमाल, गालाचं मांस सुटून लोंबणारं, खाली उघडा जबडा. आणि सवयीनं, हात थांबायच्या आधीच, शेषरावचे डोळे.

दुसऱ्या दिवशी शेषराव सुई घेऊन आला. "एवढा दोरा ओवून द्या, भाऊ."

गोकुळनं चित्र पाहिलं. "झकास, सर. डोळे मात्र भल्ले जिते आहेत. फोडा."

त्याच दुपारी मी डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा चढवला. दारातून समोर पाहिलं. शेषरावनं डावा डोळा तळहातानं झाकला होता.

मी शिकलेला माणूस आहे. एका वेळेवरून निष्कर्ष काढत नाही. पडदा मागे घेतला. समोर त्यानं हात काढला, डोळे मिचकावले, मशीन सुरू झालं. पुन्हा चढवला. मशीन थांबलं. पुन्हा काढला. सुरू झालं.

तीनदा केलं. तिसऱ्या वेळी, खरं सांगायचं तर, गरज नव्हती.

शेषरावच्या पोरीचं, छकुलीचं, लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिचे सगळे ब्लाउज तो स्वतः शिवत होता. दुसऱ्याच्या हाताचा टाका त्याला चालत नसे. हे मला माहीत होतं. पत्रिका माझ्याच टेबलावर पडली होती.

दुसरे डोळे लावता आले असते. माझ्याकडे माझाच फोटो होता, आधार कार्डाचा. मी तो उघडला. थोडा वेळ पाहिला.

बंद केला.

गोकुळचा फोन आला. "आज पाठवता ना, सर? पोट्टे वाट पाहून राह्यले."

"पाठवतो."

डावा डोळा उकरला. उजवा उकरला. खोबण्यांत काळा रंग भरला, कडांना थोडा ओला तांबडा. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. मग चित्राचे सगळे थर एकत्र करून फाईल बंद केली. एकदा ते केलं की मागे फिरता येत नाही.

मशीन थांबलं.

दुपारचे तीन वाजले होते. रस्ता नुसता तापून पांढरा झाला होता. शेषराव उठला, दोन्ही हात पुढे धरून रस्ता ओलांडू लागला. जीपवाल्यानं करकचून ब्रेक मारला, शिवी दिली. शेषराव माझ्या उंबरठ्याशी येऊन चाचपडत उभा राहिला. गळ्यात टेप तसाच लोंबत होता. चेहरा माझ्याकडे होता, पण जरा चुकीच्या बाजूला.

"भाऊ, लाइट गेली काय?"

"हाव," मी म्हणालो. "गेली."

"कवा येईन?"

मी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला, मांडीवर हात ठेवून, लाइटची वाट पाहत.

बुलढाण्याच्या डॉक्टरांना त्याच्या डोळ्यांत काही दोष सापडला नाही. छकुलीचे ब्लाउज बाहेरून शिवून आणले.

अल्बम मोबाईलवरच निघाला. तिथं चित्र नखाएवढं दिसतं. जानरावला डोळे आहेत की नाहीत, ते कळत नाही.