खोली ते मशीन

"आपला माणूस हरवूच शकत न्हाई, सर," मॅनेजर विक्रम ब्रश विकत घेणाऱ्या कंपनीच्या साहेबांना फोनवर सांगत होता. "खोलीपासून मशीनपर्यंत दोरी बांधलीय. ती धरून यायचं, धरून जायचं. रशियातली आयडिया."

फोन ठेवून तो न्हावरे गावातल्या अंधांच्या ब्रश कारखान्यात शिरला. आत कुणीच नव्हतं. सगळे कामगार गायब.

दुपारी साहेब येणार होते. माणसं कामावर दिसली तर वर्षभराची ऑर्डर. नाही तर कारखान्याला कुलूप.

विक्रमने बोलावलेल्या हवालदार सुलक्षणाने त्याला सोबत घेऊन कामगारांच्या खोल्यांपासून दोरी धरली. वाटेतल्या लिंबाच्या झाडापाशी दोरी कारखान्याकडं न जाता भलतीकडंच वळली होती. पुढं तिला नवा तुकडा जोडलेला, ब्रशाच्या काथ्याचाच वळलेला. तो थेट आठवडी बाजारात गेला.

भज्यांच्या पालाखाली सगळे ओळीनं बसले होते. मांडीवर जेवणाचे डबे. टोकाला म्हातारे तात्याबा, इस्त्रीचा सदरा, हातात रिकामी पिशवी.

"बाजारात आलोय हे कळलं न्हाई?" सुलक्षणाने ओळीतल्या अनसाबाईंना विचारलं.

"कळलं की. भज्यांचा वास येत हुता."

"मग माघारी का फिरला न्हाई?"

"दोरी सोडायची न्हाई, असा मॅनेजर सायबांचा नियम हाय."

"ह्या पोपटरावाचं काम हाय," विक्रम भजीवाल्यावर घसरला. "गिऱ्हाईक वढायला."

"मला पीठ भिजवायला टाइम न्हाई," पोपटराव म्हणाला. "दोरी कवा वळू?"

"खरंय," सुलक्षणा म्हणाली. "काथ्या कारखान्यातला, म्हंजी हातबी कारखान्यातलाच. बाकीचे कामावर निघालेले, म्हणून डबे. एकच माणूस डबा ठेवून पिशवी घेऊन निघाला. दोरी आज कुठं जाणार, ते त्यालाच ठाऊक. व्हय ना, आबा?"

"व्हय," तात्याबा म्हणाले. "रशियात सोव्हिएत राज्य हुतं तवा ब्रशाचं काम शिकायला तिकडं गेलतो. अंधांची अख्खी वसाहत. काम हुतं, पगार हुता, गाण्याची पार्टी हुती. रस्त्याला धरून चालायला कठडा. खोली ते कारखाना, कारखाना ते क्लब. शहराकडं जायला कठडा न्हवता. रेडिओ म्हणायचा, तुम्हीच देशाचे मालक. मालकांनी शहर काय बघितलं न्हाई. हितंबी तसंच. बाजारापतूर दोरी बांधा म्हणून सांगून थकलो."

"पण आबा, आजच?" विक्रमचा आवाज रडवेला झाला.

"दोरीचं कौतुक करायला सायेब आजच येणार ना? म्हटलं, कुठवर जाती ते बघू दे."

"ह्याला कलम कुठलं लावू?" सुलक्षणा म्हणाली.

"कलम ऱ्हाऊ द्या मॅडम, माणसं माघारी न्या," विक्रम म्हणाला.

विक्रमने बाजाराचा तुकडा विळ्यानं कापला. घाईत जुनी दोरीही थोडी कापली जाऊन आखूड झाली. तिचं एक टोक कारखान्याच्या पडवीच्या खांबाला आवळून बांधलं. दुसरं खोल्यांपर्यंत पुरेना, म्हणून वाटेत उभ्या असलेल्या दुधाच्या टेम्पोला बांधलं.

साहेब वेळेवर आले. कामगार जागेवर होते. साहेबांनी दोरीचा फोटो काढला आणि ऑर्डरवर सही करायला पेन उघडलं.

टेम्पोवाल्याचा चहा संपला. तो दौंडला निघाला. दोरीमागं खांब गेला, खांबामागं पडवी, आणि पत्रे साहेबांच्या गाडीवर पडले.

सही झाली नाही.