चेपणाऱ्या नाकाची गाडी

दोन गाड्या एकाच वेगाने एकाच भिंतीवर आदळल्या. एकीचे नाक पुरते चेपले, दुसरीचे जेमतेम वाकले. तरीही चेपलेल्या गाडीतला प्रवासी सुखरूप होता आणि धड दिसणाऱ्या गाडीतला नव्हता. ऋजुताला हे काही केल्या पटेना.

अर्थात हा अपघात आभासी (प्रत्यक्ष न घडता गणिताने उभा केलेला) होता. आजोबांच्या प्रयोगशाळेतला ‘मापक’ नावाचा यंत्रमानव खऱ्या गाड्यांची मापे घेऊन असे अपघात हवेत चितारून दाखवत असे.

खऱ्या गाड्या अंगणात उभ्या होत्या. एक शंभर वर्षांपूर्वीची, जाड पत्र्याची. घरातले प्रत्येक बाळ इस्पितळातून तिच्यातूनच घरी आले होते, आजोबासुद्धा. दुसरी आईची चिमुकली विजेची गाडी. उद्या ऋजुताचा नवजात भाऊ साताऱ्याहून वाईला यायचा होता. कोणत्या गाडीतून, यावर घरात दोन तट पडले होते.

“बाबा, तुमचा मापक बिघडलाय,” चिन्मयकाका म्हणाला. “या गाडीला बुक्की मारली तर हात सुजेल. ती डबी अंगठ्यानं दाबली तरी खड्डा पडतो.”

“पत्र्याची परीक्षा नाही चाललेली. आतल्या माणसाची चाललीय,” आजोबा शांतपणे म्हणाले. “ऋजू, जोरात आलेला चेंडू झेलताना हात कसे ठेवतेस?”

“मागे नेते. ताठ ठेवले तर तळवे झिणझिणतात.”

“का?”

ऋजुताने हात पुढे-मागे करून पाहिले. “मागे नेले की चेंडूला थांबायला जास्त जागा मिळते.”

“मापक, थांबायची जागा सांग.”

“जुनी गाडी वीस सेंटीमीटर. नवी साठ,” मापक उत्तरला.

“तिप्पट! मग धक्का तिसरा हिस्सा?”

“सरासरी बल तिसरा हिस्सा. धक्का हा शब्द ढोबळ आहे,” आजोबा म्हणाले. “गाडीची गतिज ऊर्जा (गतीमुळे अंगी असलेली ऊर्जा) कुठेतरी खर्च व्हायलाच हवी. नव्या गाडीत ती नाक चेपण्यात खर्च होते. बसायचा कप्पा मात्र मुद्दाम कडक ठेवतात.”

“म्हणजे गाडी आपल्याऐवजी मोडते,” ऋजुता हळूच म्हणाली.

“पण हल्ली गाड्या आपटतात कुठे? सगळ्या आपसांत बोलून अंतर राखतात,” काकाने शेवटचा प्रयत्न केला.

“कमी आपटतात. कमी म्हणजे शून्य नव्हे.”

काकाने खिडकीतून जुन्या गाडीकडे पाहिले. “मग या म्हातारीनं यंदा नुसतं बघत बसायचं?”

ऋजुता विचारात पडली. “बाळ साताऱ्याहून छोट्या गाडीतून येईल. फाटकापासून दारापर्यंत हिच्यातून. अगदी चालण्याच्या वेगानं. चालेल, आजोबा?”

आजोबांनी लगेच हो म्हटले नाही. “ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ताशी पन्नासऐवजी पाच किलोमीटर, म्हणजे वेग दहावा हिस्सा, ऊर्जा शंभरावा. अंगणात दुसरं वाहन नाही. मान्य.”

“एवढं गणित करून हो म्हणायला तुम्हीच हवेत,” काका हसला आणि जुन्या गाडीची काच पुसायला निघाला.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी आईने बाळाला घेऊन जुन्या गाडीत पाऊल ठेवले. काकाने गाडी इतकी हळू चालवली, की शेजारून चालणारे आजोबा दोनदा पुढे निघून गेले. बाळ झोपेतच घरी पोहोचले. हा मोठा होईल तेव्हाच्या गाड्या कशा थांबत असतील, याचा ऋजुता विचार करत होती. आताच्या गाड्यांहून हळुवार थांबणारी एखादी आपणच बनवावी, असे तिला वाटू लागले.