जाळी मधेच बारीक झाली

दुपारची जेवणं उरकल्यावर ती सरांच्या खोलीत गेली ती फक्त एक चित्र दाखवायला. दुसऱ्या दिवशी तिचं काम तपासायला परीक्षक येणार होते. बंद जागेत उजेड कसा पसरतो, कुठे अडतो, कुठे विरतो, हे मांडणारा प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. तो जागेचे ठोकळे पाडून त्यांची जाळी करायचा. उजेड एकदम बदलेल तिथेच ठोकळे आपणहून बारीक करायचा, बाकीचे मोठेच ठेवायचा. इतरांना आठवडा लागणारं काम त्यामुळे चहा होईस्तोवर हातावेगळं व्हायचं.

चाचणीसाठी तिने शेजारचा रिकामा हॉल घेतला होता. भिंतींवर उजेड मोजणारी यंत्रं लावली होती. त्यांच्या आकड्यांवरून आतलं चित्र उमटायचं.

सरांनी चष्मा वर सरकवला. "खिडकीपाशी जाळी बारीक झाली, ते ठीक. पण इथे, मधोमध?"

तिने चित्र मोठं केलं. बारीक ठोकळ्यांच्या दाटीतून खांदे दिसले. मग झुकलेली मान. कुणीतरी जमिनीवर बसलं होतं.

"चूक असेल," सर हळूच म्हणाले. "तेवढा भाग काढून टाक, बाळ."

"माझा प्रोग्राम चुकलेला नाही, सर."

उजेड मोजायचं हातातलं मापक घेऊन ती एकटीच हॉलमध्ये गेली. ऊन फरशीवर पडलं होतं. कुणी नव्हतं. ओल्या लोकरीसारखा वास मात्र होता, आणि मध्याकडे जावं तसतसा तो दाटत होता. तिने हात पुढे केला. मापकावरचा आकडा घसरला... नेमका प्रोग्रामने सांगितलं होतं तिथे, तेवढाच. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, पण ऊर अभिमानाने भरून आला.

"बरोबर आहे, सर," परत येऊन ती म्हणाली. मान ताठ होती. "काढणार नाही."

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी हॉलमधले ताजे आकडे घेत प्रोग्राम आपल्यासमोरच चालवायला सांगितला. चित्र इतक्या झटपट उमटलं की त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. सरांचे डोळे पाणावले. तिच्या कष्टांचं चीज झालं होतं.

तेवढ्यात परीक्षकांपैकी एक बाई पडद्याकडे वाकल्या. "हे इथे अजून चालूच आहे का?"

आज मान झुकलेली नव्हती. चेहरा वळला होता, ज्या भिंतीपलीकडे सरांच्या खोलीत ते सगळे बसले होते तिकडे. बाकी जाळी स्थिर होती. फक्त ओठ असावेत तिथले ठोकळे फुटत होते... आणखी बारीक, आणखी बारीक.