रिकाम्या जागेवरचे बाण

"तू दिवसभर करतोस तरी काय?" असं बायकोनं विचारलं की तो सांगायचा, "व्हिडिओ लहान करतो. चित्राचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता ते शोधायचं. हललेला सापडला की त्यावर बाण. मग अख्खं चित्र साठवावं लागत नाही, बाण पुरतात."

"म्हणजे चौकोनांवर पाळत ठेवायचा पगार!" ती हसायची.

या उन्हाळ्यात ती गेली. सहा वर्षांची लेक तेव्हापासून गप्पगप्पच झाली होती. तिच्यासाठी म्हणून तो उठत होता, जेवत होता, कामावर जात होता.

नव्या प्रोग्रॅमच्या चाचणीसाठी त्याला जवळजवळ काहीच न हलणारं चित्रण हवं होतं. सोफ्याच्या टोकाला बसून लेक चित्र रंगवत होती, शेजारची जागा रिकामी. त्यानं तेच टिपलं. बाण फक्त तिच्या हातावर यायला हवे होते. पण रिकाम्या जागेवरही आले, बारीक, संथ, वर-खाली होणारे. कुणी श्वास घ्यावा तसे.

"उजेडामुळे होतं असं कधीकधी," ऑफिसातली सहकारी म्हणाली. "आणि तू जरा झोपत जा रे."

त्यानं पंखा बंद केला, पडदे ओढले, पुन्हा चित्रण केलं. आता बाण लेकीच्या केसांवरून हळूहळू खाली उतरत होते. केस जागचे हललेले नव्हते. भीती वाटायला हवी होती. त्याला रडू कोसळलं.

मग त्याला हाव सुटली. चौकोन किती लांबवर शोधायचा याला मर्यादा घातलेली असते. ती त्यानं वाढवली, आणि रविवारी दुपारी कॅमेरा लावून, लॅपटॉप घेऊन लेकीच्या पायाशी बसला.

बाण लांबले. रिकाम्या जागेवरून उठले. दाराकडे निघाले.

"थांब ना गं," तो पुटपुटला.

ते दाराशी थांबले.

मग लेकीच्या अंगावर बाण उमटले. रंगवणारा हात कागदावर फिरत होता, पण बाण सगळे दाराकडे रोखलेले.

त्यानं घाईघाईनं मर्यादा शून्यावर आणली. आता एकही बाण उरायला नको होता. बाण तसेच.

त्यानं लेकीचा हात घट्ट धरला.

"बाबा, सोड ना," ती वर न बघता म्हणाली. कित्येक दिवसांत ती इतकं बोलली नव्हती. "आई दारात ताटकळलीये."

हात त्याच्या मुठीतच होता, ऊबदार. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र त्या मुठीतून एकेक बाण निसटत होता.