सव्वादोनची टकटक

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला घाबरवायला बसलेलो नाही. मिस्त्रीला विचारलंत तर तोही शपथेवर हेच सांगेल. फक्त त्याला त्या घरात पुन्हा पाऊल ठेवायला सांगू नका.

वेळ दुपारी सव्वादोनची. बाहेर लख्ख ऊन.

भुतं रात्रीच येतात, हे बहुधा माणसांनीच आपल्या सोयीने ठरवलंय.

घर आत्याचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि त्याला लागून बाथरूम. दोघांत एकच भिंत. आई-बाबा लवकर गेले, दादाला आणि मला आत्यानेच वाढवलं. ती टायपिस्ट होती. दिवसभर मशीन बडवून यायची आणि संध्याकाळी आमचे कान पिळायची. मी तिचा जरा जास्तच लाडका. पुढे नोकरीसाठी मी लांब गेलो आणि दादा तिच्याजवळ राहिला.

दीड वर्षापूर्वी आत्या त्याच बाथरूममध्ये वारली. दादाने फोनवर सांगितलं, "पाय घसरला, डोकं आपटलं. जागच्या जागी संपलं सगळं. तिला काही कळलंसुद्धा नाही रे."

तिला काही कळलं नाही.

या एका वाक्याच्या आधारावर मी दीड वर्ष काढलं.

त्यानंतर दादाने भाड्याची जागा घेतली आणि घराला कुलूप लागलं. या वर्षी ठरलं की स्वयंपाकघर आणि बाथरूम नवीन करायचं आणि दादाने परत राहायला यायचं. पण कामावर लक्ष ठेवायला तो काही येईना. म्हणे धुळीने शिंका येतात. लहानपणी दिवसभर मातीत लोळणारा हा माणूस! शेवटी रजा टाकून मीच आलो.

स्वयंपाकघर आधी घेतलं. नवा ओटा बसला, ओट्याच्या वर आणि खाली टाइल्स लागल्या. मिस्त्री मोठा चोख माणूस. लावलेली प्रत्येक टाइल थापीच्या दांड्याने ठोकून बघायचा. मागे सिमेंट नीट भरलं असेल तर आवाज भरीव येतो. कमी पडलं असेल तर पोकळ.

त्या दुपारी तो ओट्याखाली वाकून ठोकत होता. टक्. टक्.

आणि भिंतीतून उत्तर आलं...

टक्. टक्.

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. "पलीकडे कोण आहे, साहेब?"

पलीकडे बाथरूम. मी जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. कोरडी फरशी, एक पालथी बादली.

परत आलो तर मिस्त्री भिंतीपासून चार हात लांब उभा होता. आवाज चालूच होता. खूप खालून येत होता, गुडघ्याच्या उंचीवरून.

मी घड्याळ पाहिलं. सव्वादोन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. मिस्त्रीने त्या टाइल्स काढल्या, मागे भरभरून सिमेंट घातलं, पुन्हा बसवल्या. "पाइपात हवा अडकली असेल," असं तो म्हणाला खरा. पण सव्वादोन वाजायच्या आत जेवायला बाहेर पडू लागला, आणि त्याचं जेवण दिवसेंदिवस लांबत चाललं.

मग बाथरूम तोडायला घेतलं.

"बाथरूमला बाहेरून एवढी जाड कडी कशाला, साहेब?" दार काढताना मिस्त्रीने विचारलं.

मला माहीत होतं. शेवटी शेवटी आत्या विसराळू झाली होती. नळ उघडे टाकायची. ती एकटी आत जाऊ नये म्हणून दादाने कडी लावली होती. मी तसं सांगितलं. त्यात वावगं काहीच वाटलं नाही मला.

"लाकूड चांगलं आहे. रंग खरवडतो, दुसरीकडे वापरा," मिस्त्री म्हणाला आणि बसला खरवडत.

अर्ध्या तासाने त्याने हाक मारली. हाक कसली, कुजबुजच.

"साहेब... इकडे या."

रंगाखाली खड्डे होते. दाराच्या आतल्या अंगाला, अगदी खाली. अर्धगोल, नखाएवढे. दहा-वीस नाही, शेकडो. एकावर एक.

"आंघोळीच्या मगाच्या काठाने ठोकलंय," तो म्हणाला. "स्टीलच्या. आणि बसून ठोकलंय. उभ्या माणसाचा हात इतक्या खाली येत नाही."

आत्या गेल्यावर आठवड्याभरात दादाने ते दार रंगवलं होतं. फक्त आतून. मला वाटलं होतं, दुःखात माणूस काहीतरी करत बसतो.

मी दादाला फोन लावला. म्हटलं, "भिंतीतून आवाज येतो रे. रोज दुपारी."

तो म्हणाला, "ते दार आधी फेकून दे."

दाराचं मी नावही काढलं नव्हतं.

मी फोन ठेवला. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो आला तोच मुळी गार होऊन.

पुढचे नऊ दिवस मी मुकाट्याने काम करून घेतलं. नव्या टाइल्स, नवे नळ, नवं दार. "बाहेरून कडी नको, साधं हँडल लाव," असं मिस्त्रीला बजावून सांगितलं. मग दादाला म्हटलं, "झालं काम. उद्या दोनला येऊन बघून जा."

दोनच का, ते मला आजही धड सांगता येत नाही.

तो आला. येताना मिठाई घेऊन आला होता. स्वयंपाकघर पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला, तोंडभर कौतुक केलं. मिस्त्री जेवायला गेला होता. बाथरूमच्या दाराशी दादा जरा घुटमळला.

"जा की," मी म्हटलं. "आत काय वाघ बसलाय?"

तो हसला. आत गेला.

दार आपोआप लागलं... अगदी हळू.

"छोट्या, हे उघडत नाही रे."

मी बाहेरच उभा होतो.

"छोट्या? गंमत पुरे. उघड."

मग तो ठोकायला लागला. आधी बोटांनी, मग मुठीने. आतून नळ सुटल्याचा आवाज आला. धो धो. गच्चीवरच्या टाकीची चावी मी सकाळीच बंद केली होती. नळाला पाणी असणं शक्य नव्हतं.

"पाणी भरतंय! छोट्या! कोण आहे इथे... आत्या?"

त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"आत्या, मी दहाच मिनिटं लावली होती गं कडी... तू सारखी नळ उघडत होतीस... मी वैतागलो होतो... ठोकत होतीस ते ऐकलं मी. मला वाटलं, दमलीस की थांबशील. दमलीस की थांबशील, म्हणून मी टीव्ही मोठा केला... मग डोळा लागला... उठलो तर तू गेली होतीस... आत्या, सोड ना गं!"

माझा हात हँडलवर होता. हँडल खाली गेलं. दार सुटलेलं मला हाताला कळलं. बोटभर ओढलं असतं तर उघडलं असतं.

मी ओढलं नाही.

मी हँडल पुन्हा वर जाऊ दिलं.

माझ्या मते पाच मिनिटं गेली असतील. मिस्त्री आला तेव्हा म्हणाला, "साहेब, सव्वाचार झाले, तुम्ही इथे काय करताय?" त्याने एका हाताने दार ओढलं. लगेच उघडलं. आतलं हँडलही नीट चालत होतं, त्याने चारदा फिरवून पाहिलं.

दादा दाराशीच खाली बसला होता. फरशी कोरडी ठणठणीत. तो छातीपर्यंत भिजलेला. उजव्या हाताची बोटं मोडलेली.

तो वाचला. हात मात्र गेला, पेलाही धरता येत नाही. आता माझ्याकडेच राहतो. घरातलं एकही दार लावू देत नाही. ते घर बंद आहे. मिस्त्री हत्यारंसुद्धा न्यायला आला नाही.

दादाने मला एकदाही दोष दिला नाही. त्याला वाटतं, मी तेव्हा खाली गेलो होतो.

"दाराबाहेर आत्या उभी होती," तो मला सांगतो. रोज दुपारी सांगतो. "मी तिचा श्वास ऐकला. ती बोलली रे. म्हणाली, दमलास की थांबशील."

दाराबाहेर फक्त मी होतो.

मी तोंडातून एक शब्दही काढला नव्हता, हे अगदी खरं आहे.

पण मनात मी तेच म्हणत होतो.